तीन कामांची एक नळी : मॅकफरसन स्ट्रट आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास

मोटारीचा इतिहास म्हटला की आपल्याकडे इंजिनाचा इतिहास सांगितला जातो. किती सीसी, किती अश्वशक्ती, कोणत्या साली कोणती गाडी आली आणि तिची पहिली किल्ली कोणाच्या हातात पडली, एवढे सगळ्यांना पाठ असते. चाक आणि गाडीचे शरीर यांच्यामध्ये काय असते याकडे मात्र खड्ड्यात आदळल्याशिवाय लक्ष जात नाही. या लेखात मी त्या मधल्या जागेतल्या एकाच सुट्या भागाचा इतिहास मांडणार आहे. त्याचे नाव मॅकफरसन स्ट्रट. गॅरेजमध्ये त्याला सरसकट 'शॉकअप' म्हणतात. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या बाजूने या दोन नळ्यांवरच उभ्या असतात.

मी इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि पोटापाण्यासाठी एका पतसंस्थेत हिशेब लिहिणारा. यंत्रांचा नाद फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून लागला. माझ्याकडे १९९९ सालची मारुती ८०० आहे. तिचे पुढचे दोन्ही स्ट्रट मी घरी, इमारतीच्या पार्किंगमध्ये बदलले. ते काम करताना एक प्रश्न मनात आला : कारखान्यात जो भाग काही मिनिटांत गाडीला बसतो, तो घरी बदलायला एवढा अवघड आणि धोक्याचा का? उत्तर शोधताना पेटंटचे कागद, जुनी वर्कशॉप मॅन्युअल आणि मिस्त्री मंडळींच्या गप्पा या तिन्हींचा उपयोग झाला. उत्तर यंत्रशास्त्रात जेवढे आहे, तेवढेच ते हिशेबात आहे.

धक्का घेतो कोण?

आधी नावाचा घोळ निस्तरू. 'शॉक ॲब्सॉर्बर' या नावावरून वाटते की धक्का तो गिळतो. प्रत्यक्षात धक्का घेते ती स्प्रिंग. चाक उचलले की स्प्रिंग दबते, शक्ती साठवते आणि लगेच परत फेकते. तिला कोणी आवरले नाही तर गाडी पुढचे शंभर पावले झुलत राहील. हे झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. तेलाने भरलेल्या नळीत एक पिस्टन वरखाली होतो, तेल बारीक भोकांतून जाते, आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलून विरून जाते. इंग्रज लोक याला 'डॅम्पर' म्हणतात, ते अधिक नेमके आहे.

आपल्या बैलगाडीला यातले काहीच नव्हते. आस, तुंबा, आरे आणि लोखंडी धाव, एवढाच कारभार. धक्का थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. टांग्याला आणि बग्गीला मात्र पाटे आले. १८०४ मध्ये ओबादाया इलियट या इंग्रज कारागिराने घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांचे पेटंट घेतले आणि तो प्रकार जगभर पसरला. पाट्यांचा एक गुण फारसा सांगितला जात नाही. एकावर एक ठेवलेल्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घर्षणानेच झुलणे बरेचसे आवरले जाते. म्हणजे पाटा स्वतःच थोडासा शॉकअपही असतो.

मोटारी वेगाने धावू लागल्यावर एवढ्यावर भागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या त्रुफो यांनी चकत्यांच्या घर्षणावर चालणारे साधन केले आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांनी ते विकले. मॉरिस हूदाय यांनी तेलाचा वापर केला. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांची कंपनी आधी मोटारींसाठी 'गॅब्रिएल' नावाचे भोंगे बनवत असे. तीच पुढे गाडीचे उसळणे आवरणारी साधने बनवू लागली. त्या नावाची पाटी आपल्याकडे कशी आली ते पुढे येईलच.

पाट्यांच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग आली तेव्हा शॉकअप अपरिहार्य झाला. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये घर्षण जवळजवळ नसते. शिवाय पाटे चाकाला जागेवर धरूनही ठेवत, ते काम गुंडाळी करू शकत नाही. म्हणून चाकाला धरायला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी आर्म द्यावे लागले. आता स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, वरचा आर्म वेगळा आणि प्रत्येकाचे बुश-बेअरिंग वेगळे. गाडी चालायला सुरेख, पण भागांची यादी लांबली.

हजार डॉलरची गाडी

इथे अर्ल स्टील मॅकफरसन यांचा प्रवेश होतो. जन्म १८९१, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. शिक्षण इलिनॉय विद्यापीठात. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांशी संबंध आला, पुढे मोटारींच्या कारखान्यांत नोकऱ्या झाल्या आणि १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये गेले. दुसरे महायुद्ध संपताना त्या कंपनीच्या शेव्हरोले विभागाने एक लहान, स्वस्त गाडी काढायचे ठरवले. 'कॅडेट' हे तिचे नाव. किंमत हजार डॉलरच्या आत ठेवायची होती आणि वजन सुमारे एक हजार किलोंवर. या प्रकल्पाची सूत्रे मॅकफरसन यांच्याकडे होती.

हजार डॉलरच्या गाडीत भागांची लांब यादी परवडणारी नव्हती. मॅकफरसन यांनी तीन कामे एका नळीकडे दिली. शॉकअपची नळी जाड आणि मजबूत केली, तिच्याभोवती स्प्रिंग बसवली आणि नळीचे वरचे टोक थेट गाडीच्या पत्र्याच्या शरीराला बांधले. खालचे टोक चाकाच्या नकलला. वरचा आर्म गेलाच. पुढच्या चाकांना वळवायचे असेल तर सगळी नळीच आपल्या अक्षावर फिरते. धक्का घेणे, झुलणे आवरणे आणि चाकाला उभे धरणे ही तिन्ही कामे एका जागी झाली.

ही कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. फियाटचे ग्विदो फोर्नाका यांनी १९२०च्या दशकाच्या मध्यात अशाच तऱ्हेची रचना मांडली होती. विमानाच्या चाकांचे खांबही याच जातीचे असतात, आणि विल्यम स्टाउट यांनी १९३०च्या दशकात आपल्या 'स्कॅरॅब' गाडीत त्याच धर्तीचे खांब वापरले होते. मॅकफरसन यांचे श्रेय असे की त्यांनी ही रचना मोठ्या संख्येने, कमी खर्चात बनवण्याजोगी केली.

पुढची हकीकत मजेशीर आहे. पेटंटचा अर्ज मार्च १९४७ मध्ये जनरल मोटर्सच्या नावे दाखल झाला. त्याच वर्षी कंपनीने 'कॅडेट' गुंडाळली आणि मॅकफरसन प्रतिस्पर्धी फोर्डकडे गेले. पेटंट मंजूर झाले ६ जानेवारी १९५३ रोजी, क्रमांक २६,२४,५९२. तोपर्यंत ते फोर्डमध्ये बरेच वर चढले होते आणि फोर्डच्या नावे त्याच विषयावर दुसरे पेटंटही मांडून झाले होते. ज्या कंपनीच्या पगारावर स्ट्रट जन्मला तिने तो बाजूला ठेवला, आणि शेजारच्याने तो रस्त्यावर आणला.

स्ट्रट लावलेली पहिली उत्पादित गाडी कोणती, याबद्दल अनेक ठिकाणी एक चूक आढळते. १९४९ सालच्या फ्रेंच फोर्ड वेदेत गाडीचे नाव सर्रास दिले जाते. पण ती गाडी आधीच तयार होत आली होती आणि तिच्या पुढच्या चाकांना आर्म होते. वेदेतला स्ट्रट मिळाला तो कारखाना सिम्काकडे गेल्यावर, १९५४च्या नव्या मॉडेलमध्ये. पहिला मान जातो ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या जोडीला. ऑक्टोबर १९५० मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या.

या गाड्यांना वेगळी चासी नव्हती. पत्र्याचे शरीर हाच सांगाडा. स्ट्रटचे वरचे टोक धरायला मडगार्डच्या आत पत्र्याचा मजबूत बुरूज लागतो, आणि तो एकसंध शरीराच्या गाडीतच सहज मिळतो. दुसरी सोय १९६९ सालच्या फियाट १२८ने दाखवून दिली. तिचे इंजिन आडवे आणि ओढ पुढच्या चाकांना. आडव्या इंजिनाला रुंदी लागते आणि वरचा आर्म नेमकी तीच जागा खातो. स्ट्रटने ती जागा मोकळी केली. १९७४ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आली तीही याच घडणीची. त्यानंतर लहान गाडीचा जगभर हाच साचा ठरून गेला.

उत्तरपाडा, कुर्ला, गुडगाव

आपल्याकडे हा साचा उशिरा आला. उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर १९५७ पासूनची. मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पुढे पिळाच्या सळ्या, मागे पाटे आणि सुरुवातीला तरफेच्या जातीचे शॉकअप होते. या शॉकअपला वर बूच असे. तेल कमी झाले की बूच उघडून भरायचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, हिला पुढे दोन आर्म आणि गुंडाळी, मागे पाटे.

या दोन्ही गाड्यांच्या दुरुस्तीची एक खास व्यवस्था होती. पाटा बसला किंवा तुटला की हमरस्त्यालगतच्या पाटेवाल्याकडे जायचे. तो भट्टीत पट्टी लाल करून, ठोकून तिचा बाक परत आणी, तुटलेली पट्टी तेवढी बदली. हे लोहाराचे काम, बैलगाडीच्या धावेपासून चालत आलेले. मागचा शॉकअप स्वतंत्र असल्याने वरचे आणि खालचे नट काढले की हातात येई. स्प्रिंगला हात लावायची गरजच नाही. त्यामुळे टॅक्सीवाले हे काम रस्त्याच्या कडेला करत.

शॉकअपच्या धंद्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली. क्लीव्हलँडच्या भोंग्याचे नाव असे आपल्या गॅरेजांच्या भिंतींवर आले. पुढे नाशिक आणि चाकणलाही तिचे कारखाने झाले.

डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून मारुती ८०० बाहेर पडली. ७९६ सीसीचे आडवे इंजिन, पुढच्या चाकांना ओढ आणि पुढे मॅकफरसन स्ट्रट. तेहेतीस वर्षे झाली होती कॉन्सलला. मारुतीने मध्यमवर्गाला गाडी दिली हे सगळे सांगतात. तिने दुरुस्तीची रीतही बदलली हे कमी सांगितले जाते. नव्वदच्या दशकात इतर कंपन्या आल्या. १९९६ मध्ये नाशिकला महिंद्र-फोर्डची एस्कॉर्ट जुळू लागली, १९९८ मध्ये टाटांनी पुण्याची इंडिका दाखवली. पुढच्या चाकांवर सगळीकडे स्ट्रटच.

हातात पाना घेतल्यावर

स्ट्रट थकल्याची लक्षणे हळूहळू दिसतात, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याला ती उमगत नाहीत. ब्रेक मारला की नाक जमिनीकडे झुकते. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकाऐवजी दोन-तीनदा उसळते. टायर गोलाईत एकसारखा न झिजता ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखा झिजतो. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ दिसते. हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. उसळणारे चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही, वळणही घेता येत नाही.

साध्या शॉकअपपेक्षा स्ट्रट झिजण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मॅकफरसन यांच्या काटकसरीतच आहे. वरचा आर्म नसल्यामुळे चाकाचा आडवा जोर पिस्टनच्या दांड्यावर येतो. म्हणून दांडा जाड करावा लागतो, आणि तरीही तो सील आणि वरची बुश एका बाजूने घासत राहतो. हे घर्षण कमी करायला बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग नळीच्या मध्यावर न बसवता किंचित तिरकी बसवतात. नवा स्ट्रट हातात घेऊन पाहिले तर हे डोळ्यांना दिसते.

काम करताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून उभी करायची. जॅकने उचलायची आणि लोखंडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचे नाही. चाक काढल्यावर स्ट्रट समोर येतो. त्याला अडकवलेली ब्रेकची रबरी नळी क्लिप काढून मोकळी करायची. नकलला धरणारे खालचे बोल्ट सुटेनात तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवायचे. बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकते. तिला तारेने बांधावे, नाहीतर ब्रेकच्या नळीवर आणि ॲक्सलच्या सांध्यावर ताण येतो. मग बॉनेट उघडून बुरुजावरचे कडेचे नट काढले की स्ट्रट, स्प्रिंगसकट, खाली येतो.

बुरुजावर कडेच्या नटांच्या मधोमध आणखी एक नट असतो. तो पिस्टनच्या दांड्याचा. तोच दबलेल्या स्प्रिंगला कोंडून ठेवतो. स्प्रिंग आवळल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही, हा या कामातला पहिला आणि शेवटचा नियम. माझ्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक पुढे. म्हणजे रस्त्यावर उभ्या गाडीत पुढची एकेक स्प्रिंग दीड-दोनशे किलो पेलते. तेवढी ताकद एकदम सुटली तर जबडा किंवा बोटे जातात. म्हणून दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून, एकाला दोन फेरे, दुसऱ्याला दोन फेरे असे आळीपाळीने आवळायचे. स्प्रिंग वरच्या बशीपासून सुटून खुळखुळ हलू लागली की मगच मधला नट. तोंड स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत कधीच आणायचे नाही.

जुना दांडा मी हाताने दाबला. तो सहज आत गेला आणि तिथेच राहिला. नव्याने जोर लावून विरोध केला आणि सोडल्यावर तो हळूहळू वर आला. बसवण्याआधी नवा स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा वरखाली करायचा, म्हणजे आतली हवा निघते. वरचे बेअरिंग आणि रबर त्याच वेळी बदलावेत. त्यासाठी पुन्हा सगळे उघडण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात, कारण एक नवा आणि एक थकलेला असेल तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. शेवटी व्हील अलाइनमेंट. मला पहिल्या बाजूला पाच तास लागले, दुसऱ्या बाजूला दोन.

या पाच तासांत बुरुजाचा पत्राही नीट तपासून होतो. किनारपट्टीवरच्या जुन्या गाड्यांत खारी हवा आणि चाकाने उडवलेला चिखल मिळून हा पत्रा आतून खातात. तो पोखरला असेल तर नवा स्ट्रट बसवून उपयोग नाही. आधी वेल्डिंगवाल्याकडे जावे लागते.

काटकसरीचा भार कोणावर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मॅकफरसन यांनी भाग कमी केले ते कारखान्याच्या हिशेबात. पण तीन कामे एका नळीत आली की त्यातले एक बिघडले तरी तिन्ही उघडावी लागतात. पूर्वी शॉकअप गेला तर स्प्रिंग जागेवर राही. आता शॉकअपसाठी स्प्रिंग आवळावी लागते आणि वर अलाइनमेंट करावी लागते. कारखान्यात वाचलेली मजुरी वीस वर्षांनी मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या खात्यावर नावे पडते.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर तो अर्धवट होईल. सुरुवातीचे स्ट्रट उघडण्याजोगे होते. नळीच्या वरच्या तोंडाशी मोठा नट असे. तो फिरवला की आतला पिस्टन, झडपा, सील बाहेर काढून, जुने तेल ओतून, नवे भरून तीच नळी परत वापरता येई. नंतर आतला सगळा ऐवज एका बंद कार्ट्रिजमध्ये येऊ लागला. नळी तीच, आत नवे कार्ट्रिज. त्यापुढे नळीचे तोंड कारखान्यातच कायमचे बंद होऊ लागले, म्हणजे पूर्ण स्ट्रट फेकायचा. आणि आता काही देशांत स्प्रिंग, बेअरिंग, रबर यांच्यासह जुळवलेला तयार संच मिळतो. तो घरी बदलायला सर्वांत सुरक्षित, कारण स्प्रिंग आवळावीच लागत नाही. पण त्यात चांगली स्प्रिंगही भंगारात जाते. दुरुस्तीची सोय वाढली आणि दुरुस्त करण्याजोगे कमी झाले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्या मिस्त्रींनी मधला रस्ता काढला. जुन्या शहरांच्या गल्ल्यांत शॉकअप भरून देणारी दुकाने आहेत. बंद नळी कापून, नवे सील आणि तेल घालून ती परत वेल्ड करतात. काही भरलेले शॉकअप दोन वर्षे चालतात, काही दोन महिने. कारखान्याने बंद केलेले तोंड कोणत्याही कागदाशिवाय उघडून पाहिलेली ही विद्या आहे. ती लोहाराच्या भट्टीची वारस आहे आणि तिची नोंद कुठेही झालेली नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटारीपुरता असा कायदा २०१२ मध्येच मंजूर केला होता. या चर्चेत बहुतेक भर सॉफ्टवेअर आणि सेन्सरवर असतो. स्ट्रटच्या इतिहासावरून मला वाटते, प्रश्न त्याहून जुना आहे. दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळाला तरी भाग उघडण्याजोगा आणि माहिती वाचण्याजोगी असावी लागते. माझ्या गाडीचे मॅन्युअल मला रद्दीत, किलोच्या भावाने मिळाले. एका अधिकृत वर्कशॉपमध्ये मी बोल्ट किती जोराने आवळायचे तो आकडा विचारला, तेव्हा 'गाडी इथे आणा' एवढेच उत्तर आले होते.

आपल्याकडे वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. त्या टप्प्यावर बहुतेक मालक गाडी काढून टाकतात, आणि तिच्याबरोबर मॅन्युअल, सुट्या भागांच्या याद्या, पावत्या हेही रद्दीत जाते. मारुती ८००चे आणि ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने थांबले. पद्मिनीचे त्याआधीच. या गाड्या ज्यांनी उघडल्या, भरल्या, ठोकल्या, त्या पिढीतले बरेच मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या हातची पद्धत लिहून घेणे, जुनी मॅन्युअले जिल्हा ग्रंथालयांत जमा करणे, एवढे काम कोणत्याही अनुदानाशिवाय होऊ शकते. मी माझ्या तालुक्यापुरते सुरू केले आहे. पाटेवाले तिघे, शॉकअप भरणारे दोघे आणि पद्मिनीची टॅक्सी चालवणारे एक, अशा सहा जणांची बोलणी लिहून झाली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुनी मॅन्युअले पडून असतील, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळून पाहावीत.